पाच जणांत सहावा

श्रीरंगच्या मुलीची, उन्नतीची, उंची मे महिन्यात एकशे वीस सेंटिमीटर झाली आणि पुढच्याच रविवारी तो तिला आचोळ्याहून थेट विरारच्या पार्कात, तेवढी उंची लागणाऱ्या ‘गगनझेप’ या रोलर कोस्टरवर बसवायला घेऊन गेला. सातिवलीच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला हा माणूस त्या पाळण्यात आजवर सव्वीस वेळा बसला होता. उन्नतीला पहिल्यांदा बसवायचं, हे तो ती चालायला लागल्यापासून ठरवून होता.

वाढदिवसाला बायकोने, विनयाने, त्याला टी-शर्ट छापून दिला होता. गाडी खाली कोसळताना पार्कवाले जो फोटो काढतात, तो छातीवर. तोंड वासलेला, डोळे बाहेर आलेला श्रीरंग, खऱ्या चेहऱ्यापेक्षा थोडा मोठाच. आज त्याने तोच घातला होता.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. महिन्याभरापूर्वी पार्कने रांगेच्या शेवटी एक भिंतभर स्क्रीन बसवला होता. पाच-पाच जणांनी त्याच्यासमोर उभं राहून हातवारे करायचे, मग गेट उघडणार. “रांगेत उभं राहून घाबरायचं असतं,” श्रीरंगने पाळणाप्रेमींच्या ग्रुपवर लिहिलं होतं. “अर्धा आनंद तिथेच आहे. तिथे टीव्ही कशाला?”

सव्वा तासाने त्यांची पाळी आली. श्रीरंग, विनया, उन्नती हे तिघं, आणि मागच्या दोघी: खाडीकाठच्या गावातल्या धोंडूबाई आणि त्यांची सून जागृती. गेटवरच्या रोवेनाने पाचही जणांच्या मनगटावरचे पट्टे तपासले आणि त्यांना पिवळ्या रेषेवर उभं केलं.

स्क्रीन म्हणाला, “आपण सहा जण आहात. कृपया पाचच जणांनी उभे राहावे.”

“सहावा कोन?” धोंडूबाईंनी मागे वळून बघितलं.

“मशीन नवीन आहे,” रोवेना म्हणाली. “मॅडम, तुम्ही जरा बाजूला व्हा ना.”

विनया बाजूला झाली. स्क्रीन म्हणाला, “धन्यवाद. आपण पाच जण आहात. पट्टे मात्र चार आहेत.”

“मी होतो बाजूला,” श्रीरंग चिडून म्हणाला आणि रेषेबाहेर गेला. विनया परत आली.

“आपण चार जण आहात. एक जण कमी आहे.”

श्रीरंग आत आला की सहा, बाहेर गेला की चार. तीनदा करून बघितलं. रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. “अरे काका, ठरवा ना एकदा, यायचंय की जायचंय!” कुणीतरी ओरडलं.

“सव्वीस वेळा बसलोय मी!” श्रीरंग स्क्रीनला म्हणाला. “तू यायच्या आधीपासून!” आणि रागाने त्याने हाताची घट्ट घडी घातली.

“धन्यवाद. आपण पाच जण आहात,” स्क्रीन म्हणाला. “आता दोन्ही हात वर करा.”

त्याने हात वर केले.

“आपण सहा जण आहात.”

उन्नतीने बाबाच्या छातीकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. “बाबा, ते तुमच्या टी-शर्टला मोजतंय.”

रांगेत हशा पिकला. रोवेनाने तोंडावर हात धरला. “सर, उलटा घाला ना. फोटो मागे.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“बाबा, प्लीज.”

विनयाने ओढणी आडवी धरली, पलीकडचं टोक जागृतीने धरलं, आणि श्रीरंग टी-शर्टच्या आतल्या आत धडपडत फिरला. बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते. आता छापलेला श्रीरंग मागच्या रांगेकडे तोंड वासून बघत होता आणि लोक मोबाईलवर त्याचे फोटो काढत होते.

“आपण पाच जण आहात. पाखरांना जागे करा.”

दिवे मंदावले. भिंतीवर पहाटेची खाडी उमटली. चिखल, गवत, आणि पंखात चोची खुपसून झोपलेली पांढरी पाखरं. श्रीरंगने हात हलवले. विनयाने हलवले. उन्नतीने उड्या मारल्या. एका बगळ्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

“असं नाय रं,” धोंडूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पाय रोवले आणि दोन्ही हात पसरून, भातावरची पाखरं हाकलतात तशी हाळी दिली, “हाऽऽ होऽ होऽ होऽऽ!”

सगळी खाडी उठली.

शेकडो, हजारो पाखरं एकदम उडाली, भिंतीवरून छतावर गेली, छतभर पसरली. छतालाही स्क्रीन होता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पंखांचा आवाज पोटात घुमत होता. माणसांच्या चेहऱ्यांवरून सावल्या सरकत होत्या. शिट्ट्या थांबल्या. फोटो काढणारे हात तसेच वर राहिले. श्रीरंगच्या दंडावर काटा आला. सव्वीस वेळा कोसळूनही असा कधी आला नव्हता. उन्नतीने त्याचं बोट घट्ट धरलं होतं.

धोंडूबाई हात तसेच पसरून उभ्या होत्या. “जन्मभर हाकलली,” त्या हळूच म्हणाल्या. “कदी बगितली नाय.”

गेट उघडलं. कुणीच पुढे गेलं नाही. रोवेनाला दोनदा शिट्टी मारावी लागली.

गगनझेपेवर उन्नती हसली, किंचाळली, शेवटच्या वळणावर तिने बाबाच्या खांद्यात तोंड लपवलं. सगळं श्रीरंगने ठरवलं होतं तसंच झालं. खाली उतरल्यावर त्याने अपेक्षेने विचारलं, “मग? परत?”

“परत!”

“बघ, म्हटलं होतं ना, पाळणा—”

“पाळण्यात नाही, बाबा. रांगेत.”

विनयाने हसू दाबलं. मग श्रीरंग वळला आणि रांगेचं शेपूट शोधायला निघाला. शेपटाला धोंडूबाई आणि जागृती उभ्या होत्या.

“मावशी, तुम्ही गाडीत दिसला नाहीत?”

“बसल्याच नाहीत,” जागृती म्हणाली. “गेटातून सरळ बाहेर, आणि परत इकडे.”

“दीड तास लागेल आता,” श्रीरंग म्हणाला.

“लागूंदे.” धोंडूबाईंनी उन्नतीला जवळ ओढून आपल्यापुढे उभं केलं. “बाय, या टायमाला हाळी तू दे. कशी द्यायची ती शिकवते. मला निस्तं बगायचं हाय.”