कपाट आणि ओढायचे व्यायाम

शरीर कमवायचं मी ठरवलं ते आरशामुळे नव्हे. (आरशाशी माझा जुना समझोता आहे. गळ्याच्या खाली त्यानेही बघायचं नाही आणि मीही.) ठरवलं ते आमच्या लोखंडी कपाटामुळे.

बेडरूमला रंग द्यायचा होता आणि भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेलं कपाट बाहेर काढायचं होतं. मी बाह्या सरसावल्या, कपाटाला मिठी मारली, एक-दोन-तीन म्हटलं आणि माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. कपाट होतं तिथेच. बायको जिन्यात गेली आणि तिने वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांना हाक मारली. मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली आहेत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कपाट अलगद बाहेर घेतलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "अजून काही हलवायचंय?"

आता मी नोकरीला कुठे, तर वजनमापे खात्यात. दुकानदारांची वजनं तपासून त्यांवर शिक्का मारण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. सगळ्या बाजाराची वजनं मी पारखायची आणि घरातलं एक वजन मला हलू नये? त्याच क्षणी मी जाहीर केलं की रंग वाळल्यावर कपाट मी एकटा आत नेणार आणि मास्तरांना हाक मारायची नाही.

बायको म्हणाली, "रंगाऱ्याला दोन महिने लागतील. तोवर विचार बदलला तर सांगा."

आमचा रंगारी एक भिंत रंगवतो आणि आठ दिवस तिच्याकडे बघत बसतो. तेवढा वेळ मला पुरेसा होता. मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं.

तिथला ट्रेनर माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याने मला एका बाकावर उताणं निजवलं आणि छातीवरचा दांडा वर ढकलायला सांगितलं. नुसता दांडा, वजनं न लावता. दांडा खाली आला आणि त्याला माझी छाती आवडली. तो उठेचना. शेवटी दोघांनी धरून उचलला. दुसऱ्या दिवशी माझे हात कानाच्या वर जाईनात, म्हणून बायकोने माझा भांग पाडला. तो उलट्या बाजूला पाडला. ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, बदलीवर आलात का.

त्यानंतर मी त्या बाकाकडे फिरकलो नाही. मला दुसरं यंत्र सापडलं. त्यात खुर्चीत बसायचं आणि समोरची मूठ आपल्याकडे ओढायची. सव्वीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला बसून करायचा व्यायाम मिळाला, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. मी रोज ओढायला लागलो. दहा किलो, मग वीस, मग तीस. ट्रेनर दर दोन दिवसांनी येऊन मला समजावायचा, "काका, ढकलायचंपण करा. नुसतं ओढून माणूस एकतर्फी होतो." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. (मला 'काका' म्हणणाऱ्याचं मी सहसा ऐकत नाही.)

तिसावर पोचलो तेव्हा मात्र खात्याची सवय स्वस्थ बसू देईना. ऑफिसातला तपासणीचा काटा पिशवीत घालून नेला आणि जिमची वजनं मोजली. दहाचं प्रत्येक वजन दहा किलो चारशे ग्रॅम भरलं. दरवर्षी रंगाचे हात देऊन देऊन ती वजनं अंगाने भरली होती. मापात जास्त देणारा दुकानदार मी आयुष्यात प्रथमच पाहिला. म्हणजे मी तीस किलो नव्हे, तर एकतीस किलो दोनशे ग्रॅम ओढत होतो. त्या दिवशी मी घरी आलो तो दारातून तिरका होऊन. खांदे अडतील अशी भीती वाटली.

रंग वाळला. रविवार उजाडला. बायकोने विचारलं, "मास्तरांना सांगून ठेवू का?"

"तू स्वयंपाकघरात जा," मी म्हणालो. "झालं की बोलावतो."

मी कपाट कोनाड्यासमोर नीट सरळ उभं केलेलं पाहिलं. (ते रंगाऱ्याने केलं होतं.) मग जे येत होतं तेच केलं. कोनाड्यात शिरलो, भिंतीला पाठ लावली, कपाटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ओढलं. सतरंजी नव्हती. कपाट हललं. खरंच हललं. पुन्हा ओढलं, पुन्हा आलं. दोन महिन्यांचा घाम वाया गेला नव्हता. शेवटचा हिसडा दिला आणि कपाट कोनाड्यात अगदी चपखल बसलं.

मी आत होतो.

डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, नाकासमोर कपाटाची पाठ. मी ढकलून पाहिलं. ढकलणं पुढच्या महिन्यात होतं.

"झालं का?" बायकोने बाहेरून विचारलं.

"कपाटाचं झालं," मी म्हणालो. "मास्तर घरी आहेत का बघ."

मास्तर आले. चष्मा खिशात गेल्याचा आवाज मी आतून ऐकला. कपाट बाहेर सरकलं, मी निघालो, कपाट परत आत गेलं. बायको मात्र स्टुलावर चढून कपाटामागे मी उभा होतो त्या फटीकडे बघत राहिली. वीत लावून तिने फटीची रुंदी मोजली, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही यात मावला नसता."

लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतकं गोड ती क्वचितच बोलली असेल. त्या वाक्यावर मी सोमवारी जिममध्ये गेलो आणि थेट त्या बाकावर जाऊन निजलो. दांडा वर गेला. एकदा नव्हे, चार वेळा गेला. ट्रेनरने टाळ्या वाजवल्या. पाचव्या वेळी दांडा खाली आला आणि जुनी ओळख निघाल्यासारखा छातीवर बसला. ट्रेनरने एकट्याने उचलून पाहिला, पण मी भीतीने तो घट्ट धरून ठेवला होता.

"काका, सोडा ना. कुणाला बोलावू का?" त्याने विचारलं.

उरल्यासुरल्या श्वासात मी त्याला मास्तरांचा नंबर सांगितला.