डावा लाल, उजवा हिरवा

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की गजभिये भाऊजी चपला न घालताच धावतात. टँकर कोपऱ्यावरच अडवतात, डाव्या बाजूच्या पायरीवर चढतात, एका हाताने आरशाची दांडी पकडतात आणि ओरडतात, "डेड स्लो अस्टर्न!"

ड्रायव्हर नवा असला तर त्याला वाटते, चाकाखाली कोणीतरी आले.

"काय झालं बाबूजी?"

"काही नाई झालं. हळू मागं घे म्हटलं. अस्टर्न म्हंजे मागं. मी पायलट आहो इथला."

हुडकेश्वरची आमची गल्ली एका तोंडाची आहे. ती भाऊजींच्या फाटकाशीच संपते. आत गाडी वळवायला जागा नाही, म्हणून प्रत्येक मोठी गाडी उलटीच आत घ्यावी लागते. म्हणजे निघताना सरळ निघता येते. उलट्या येणाऱ्या गाडीच्या डावीकडे नालीचे एक झाकण फुटलेले आहे, उजवीकडे आमचा ओटा पुढे आलेला आहे, वर केबलची तार लोंबते. भाऊजी टँकरच्या पत्र्यावर थाप मारत मारत त्याला या सगळ्यातून नेतात. "येऊ दे, येऊ दे... पोर्टले पाच... म्हंजे डावीकडं गा... येऊ दे... बस्स!" शेवटी दोन थापा. तीस वर्षे बसमध्ये कंडक्टर होते, त्या थापा हातातून गेलेल्या नाहीत.

"पाणी तर सगळ्यालेच दिसते," ते म्हणतात. "पाण्याखाली काय हाये, हे ज्याले मालूम, थो पायलट."

या 'पायलट'ने आमच्या गल्लीत पहिल्या दिवसापासून घोळ घातला. भाऊजींची एकुलती मुलगी करुणा जहाजावर अधिकारी आहे. एक दिवस भाऊजी आमच्या ओट्याशी येऊन म्हणाले, "करू आता पायलट होणार." आमचे हे दाढी करत होते. म्हणाले, "इमानाची?"

"नाही."

"मंग रेल्वेच्या इंजनाची? आजकाल त्यायलेबी पायलटच म्हणतात."

"नाही जी."

"मंग अधिवेशनात मंत्र्याच्या समोर सायरन वाजवत जाते, थे गाडी?"

"अहो जहाजाची बाप्पा, जहाजाची!"

"मंग कॅप्टन म्हणा ना. जहाजाले पायलट कायले पाह्यजे?"

झाले. यांची अर्धी दाढी तशीच राहिली आणि भाऊजी उन्हात उभे राहून तासभर बोलले. मी दाराआडून ऐकत होते. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, पण ऐकलेले माझ्या ध्यानात राहते.

जहाज समुद्र ओलांडून येते, पण बंदराच्या तोंडाशी थांबते. आत कुठे खडक, कुठे गाळ, भरतीचे पाणी कुठे ओढते, हे बाहेरच्या कॅप्टनला माहीत नसते. मग बंदराचा पायलट लहान बोटीतून जातो, दोरीच्या शिडीने त्या डोंगराएवढ्या जहाजावर चढतो आणि सांगून सांगून त्याला आत आणतो. काम झाले की उतरून घरी जातो. "स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातात, पण डोळे कंडक्टरचे," भाऊजी म्हणाले. "तसंच हाये हे."

आणि तसे व्हायचे तर आधी वर्षानुवर्षे जहाजावर काढायची. एकेक परीक्षा देत कॅप्टनच्या सर्टिफिकेटापर्यंत पोचायचे. मग एखाद्या बंदराची जाहिरात निघते. त्यात वयाची अट. मग तब्येत बघतात, छाती, कान, डोळे. एवढे झाले की पुन्हा शिकाऊ. मोठ्या पायलटच्या मागे मागे जहाजावर चढायचे, आधी नुसते पाहायचे, मग त्याच्या देखत स्वतः करायचे. दिवसाच्या खेपा वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. शेवटी साहेबांच्या बोर्डासमोर तोंडी परीक्षा. कोऱ्या कागदावर सगळे बंदर काढून दाखवायचे, खोली, खडक, दिवे, सगळे मनातून. पास झाले तरी आधी लहान जहाजे देतात. मोठी मागाहून.

"इतक्यात तर पोट्टी म्हातारी होईन जी," हे म्हणाले.

भाऊजींना एका जागी बसणे जमत नाही. त्या दिवसापासून तर अजिबातच जमेना. त्यांनी गच्चीवरून काथ्याच्या दोराची आणि लाकडी फळ्यांची शिडी सोडली आणि अडुसष्टाव्या वर्षी रोज सकाळी ती चढायला लागले. "पायरीले नाई धरायचं वहिनी, बाजूच्या दोराले धरायचं. पायरी दगा देते." पुढे त्यांना समजले की बोट लाटेवर खालीवर होते, आणि ती पुरती वर आली त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा असतो. मग अंगणातली बंगई त्यांनी शिडीजवळ टांगली. बंगईवर स्वतः उभे राहिले आणि झोका द्यायला आमच्या यांना बोलावले.

दोन झोके बरे गेले. तिसऱ्याला भाऊजी मोगऱ्याच्या कुंडीत.

"बुडालं का जी जहाज?" यांनी विचारले.

"लाट चुकली," भाऊजी माती झाडत म्हणाले.

हा त्यांचा शब्दच होऊन बसला. भात करपला, लाट चुकली. बस सुटली, लाट चुकली. एकदा मी धीर करून विचारले, "भाऊजी, शिकून ती राहिली. तुम्ही कायले चढता?"

ते म्हणाले, "थे रोज चढते. तिले जे येते थे मले आलं पाह्यजे. नाहीतर फोनवर बोलू काय मी तिच्यासंगं?"

फोनचेच सगळे दुखणे होते. करुणा जहाजावर असली की महिने महिने फोन लागत नसे, लागला तरी मध्येच तुटे. करुणाची आई गेली तेव्हाही ती समुद्रात होती, चौदाव्या दिवशी पोचली. पायलट झाली की मात्र ती रोज जमिनीवर झोपणार, संध्याकाळी तिचा फोन लागणार. भाऊजींना बंदराशी एवढेच देणेघेणे होते. हे ते कधी बोलले नाहीत. पण फोन हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे, जायचे आणि परत यायचे, हे मी कैक वर्षे ओट्यावरून पाहत आले आहे.

तिचा अर्ज मंजूर झाला आणि तपासणीसाठी बोलावणे आले. ते चार दिवस भाऊजींनी गल्ली झिजवली. फोन लागला की पहिला प्रश्न, "डोळे झाले का वं?" कान नाही, छाती नाही. डोळे. तिला हसू यायचे. "पप्पा, जहाजावर चढाच्या आधीपासून किती वेळा तपासले ते. पासच आहो ना मी." तरी पुन्हा, "डोळे झाले का?" चौथ्या दिवशी झाले. भाऊजी "तोंड धुऊन येतो" म्हणत घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी नव्हते. मी तसे कोणाला म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाच्या दोन खांबांवर दोन दिवे लावले. एक लाल, एक हिरवा. "बंदराचं तोंड," म्हणाले.

ती शिकाऊ म्हणून रुजू झाली आणि मग माझ्यावर आले. भाऊजींनी तिच्याकडून ऐकून ऐकून वहीत मराठीत प्रश्न उतरवले होते. मी वाटी परत द्यायला गेले तर म्हणाले, "बसा वहिनी. तुमी बोर्ड."

"मी? माझी तर चौथी झाली जी."

"वाचता येते ना? मी विचारलं का थे हसते. बापाचं विचारणं अन् बोर्डाचं विचारणं यात फरक असते."

मग रोज दिवेलागणीला फोन मोठ्याने लावून मी अक्षरे जोडत जोडत वाचायची, "बा-हे-रच्या बाजूने... आत येताना... डाव्या हाताला... कोणता दिवा?"

"लाल, काकू. उजव्या हाताला हिरवा. काकू, तुम्ही खऱ्या बोर्डापेक्षा चांगल्या आहा. मले उत्तर आठवते तवापर्यंत तुमचा प्रश्नच संपत नाही."

मी हसले, मान वर केली, समोरच्या फाटकाकडे पाहिले आणि माझे हसू थांबले. गल्लीतून येणाऱ्याच्या डाव्या हाताला हिरवा दिवा होता. लाल उजव्या हाताला.

मला वाटले, मीच उलटे समजले. घरी येऊन हात पुढे करून दोनदा ताडून पाहिले. उलटेच होते. मग ध्यानात आले, भाजीची गाडी आली की भाऊजी टमाटर कधी स्वतः निवडत नाहीत. "वहिनी, तुमीच टाका, मले भाजीतलं समजत नाही." इतकी वर्षे मी टाकत आले.

मी गप्प राहिले. गप्प राहणे मला येते.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी सकाळपासून आमच्या ओट्यावर बसायचे आणि उठायचे. पाणी मागितले, प्यायले नाही. हे कामावर गेले होते. टँकर आला, आणि भाऊजी पहिल्यांदाच धावले नाहीत. ड्रायव्हर कोपऱ्यावर हॉर्न देत राहिला.

"पायलट साहेब! येता का मी येऊ?"

"ये तू," ते म्हणाले. टँकर आला आणि आमच्या ओट्याचा कोपरा घेऊन गेला. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

मग एकदम बोलायला लागले. "मी कंडक्टर व्हाले नव्हतो निघालो वहिनी. रेल्वेत इंजनावर लागत होतो. लेखी पास. डॉक्टरनं ठिपक्याचं पुस्तक दाखवलं. म्हणे, आकडा वाच. मी म्हटलं, साहेब, आकडा कुठं हाये? सगळे हसले. मले लाल न् हिरवा एकच दिसते. लाट चुकली तिथंच."

मी पदराचे टोक पिळत उभी होते.

"करू झाली तवा भेव बसलं. हे तिले लागलं असन तर? लहानपणी तिले रोज इचारो, फुगा कोणत्या रंगाचा वं? थे सांगे, लाल. आता मले काय समजते, बरोबर हाये का चूक? मी तिच्या मायकडं पाहो. माय 'हो' म्हणून मान हलवे. मंग मले जेवण जाये." त्यांनी फाटकाकडे पाहिले. "डोळे मायचेच घेतले पोरीनं. समजते मले. पण आता मान हलवाले कोणी नाही घरात."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, फाटकावरचे लाइट बरोबर हायेत ना? खोक्यातून काढताना माह्या हातात मिसळले होते."

मी मान हलवली.

मघाचे पाणी त्यांनी आता प्यायले. दुपारनंतर फोन आला. करुणा ओरडूनच सांगत होती, मलाही ऐकू आले, "पप्पा, पास! सगळं बंदर काढलं कागदावर!" भाऊजींनी विचारले, "जेवली का वं?"

ते सुखी झाले आणि माझी झोप गेली. ती आठ दिवसांनी घरी येणार होती. जहाजाची बाई, येताक्षणी दिवे पाहणार आणि म्हणणार, "पप्पा, हे उलटे!" माझे खोटे उघडे पडले तर पडो. पण त्या माणसाचे काय? दिवे बदलून टाकावे म्हणून मी एका दुपारी स्टूल घेऊन गेले. खांबाला हात लावला तोच आतून आवाज आला, "काय पाहून राहिल्या वहिनी?"

"जाळं," मी म्हणाले आणि पदराने नसलेले जाळे पुसून परत आले. दुसऱ्यांदा गेले तर ते फाटकातच खुर्ची टाकून बसलेले.

ती आली तेव्हा अंधार पडू लागला होता. ऑटो कोपऱ्यावर सोडून, पाठीला पिशवी लावून चालत येत होती. भाऊजी फाटकात उभे. दोन्ही दिवे लागलेले. मी ओट्याच्या तुटलेल्या कोपऱ्याशी.

"करू! पाह्य, बंदर बनवलं तुह्यासाठी! दिवे पाह्य!"

ती थांबली. दिव्यांकडे पाहिले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. तिला किती समजले कोण जाणे. बापाचे डोळे तिला माझ्या आधीपासून माहीत असणार.

"पप्पा," ती तिथूनच म्हणाली, "आपल्या गल्लीत मोठी गाडी उलटीच येते ना?"

"होय! नियमच हाये तो."

"मग मी बी उलटीच येते. पायलट पाठवा."

आणि ती वळली. फाटकाकडे पाठ करून, गल्लीच्या तोंडाकडे तोंड करून उभी राहिली. भाऊजी अनवाणीच धावले. तिच्या पिशवीवर थाप मारली. "डेड स्लो अस्टर्न! येऊ दे... नाली हाये, स्टारबोर्डले, उजवीकडं घे... येऊ दे, येऊ दे..." ती हसत हसत एकेक पाऊल मागे टाकत होती. दोन खांबांच्या मधोमध आल्यावर त्यांनी फाटकाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "बस्स! आता सांग. तुह्या डाव्या हाताले कोणता?"

तिने डावा हात लांब करून खांबाकडे नेला. "लाल, पप्पा."

"अन् उजव्या?"

"हिरवा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. या वेळी ती खोटी नव्हती.