सात नट, पंधरा बाह्या

घर नीटनेटकं असलं की मन शांत राहतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. ते मन नेमकं कोणाचं, एवढा बारीकसा तपशील मात्र ग्रंथपालाच्या लक्षात यायचा राहून गेला.

ग्रंथपाल कसा, तर सव्वीस वर्षं चाळीस हजार पुस्तकं त्याच्या धाकात ताठ उभी होती. एखादं जरा कलंडलं तर त्याचीच मान अवघडायची. घरी मात्र चष्मा शोधायला आधी चष्मा लागे! चिडचिड वाढली, भूक मंदावली. शेवटी ‘पसारा आवरा, आयुष्य सावरा’ असा एक लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याने घर आवरायचा विडा उचलला.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच नव्हता. बायकोची शिवणाची खोली! तिथे खुर्चीवर गाठोडं, खिडकीत गाठोडं, मशीनखाली गाठोडं. भिंतीवर कापडाचे तुकडे असे टांगलेले, की पाहुण्याला वाटावं, इथे कोणाची तरी झटापट झाली आहे.

बायकोने वीस वर्षं पडदे, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवले होते. यंदा पहिल्यांदाच एका नाटकाचे सात पोशाख तिच्याकडे आले होते. शनिवारी संध्याकाळी प्रयोग. माहितीपत्रक छापूनही आलं होतं आणि त्यात ‘वेशभूषा’ या शब्दापुढे तिचं नाव होतं. ते पत्रक तिने दिवसातून चार वेळा सहज म्हणून उचलून पाहिलं होतं.

पोशाखांची धडं शिवून तयार होती. बाह्या, कॉलरी आणि खिसे बेतून झाले होते, नुसते जोडायचे होते. तेवढ्यात बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला तीन दिवस जावं लागलं. निघताना तिने बजावलं, “अहो, त्या खोलीत पाऊलही टाकू नका.”

पसाऱ्याची तिला लाज वाटते, असा ग्रंथपालाने याचा अर्थ काढला आणि त्याला भरून आलं.

तीन दिवस तो राबला. सगळी गाठोडी सोडली. सगळ्या बाह्या एका खोक्यात, सगळ्या कॉलरी दुसऱ्यात, सगळे खिसे तिसऱ्यात. प्रत्येक खोक्यावर सुवाच्य अक्षरात लेबल. कापडांना टाचलेल्या मापांच्या चिठ्ठ्या बघून तर तो हळहळलाच. त्याने त्या सगळ्या सोडवल्या, त्यांवरचे आकडे एका वहीत चढत्या क्रमाने लिहिले आणि चिठ्ठ्या रद्दीत घातल्या.

कॉलेजातून आलेल्या मुलीने वही उघडली. “बाबा, साडेएकवीस म्हणजे कोणाचं काय?”

“ते महत्त्वाचं नाही. साडेएकवीस हे एकवीसच्या नंतर आलंय की नाही?”

“आलंय,” मुलगी म्हणाली. “आई पण उद्या सकाळी येतेय.”

शुक्रवारी नऊ वाजता बायको आली. खोलीच्या दारात थांबली. तिने खोकी पाहिली, लेबलं वाचली, वही चाळली. ग्रंथपाल बाजूला नम्रपणे उभा होता. कौतुक झालं तर कुठे बघायचं हेही त्याने ठरवलं होतं.

“चिठ्ठ्या?” तिने विचारलं.

“रद्दीवाला कालच घेऊन गेला. अगं, कसं मोकळं वाटतंय बघ!”

ती काहीच बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसण्याची ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी तिचा घसा बसला होता.

“नटांना परत मापाला बोलावू या का?” त्याने चाचरत विचारलं.

“ते दौऱ्यावर आहेत. उद्या दुपारी थेट थिएटरवरच उतरणार.” तिने मशीनवरचं कापड काढलं, जमिनीवर बसली आणि बाह्यांचं खोकं पुढ्यात उपडं केलं. “बसा तिथे. आणि कशाचाही क्रम लावू नका!”

मग जे घडलं, ते ग्रंथपालाने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती एकेक बाही उचलायची, बोटांत धरायची आणि बाजूला ठेवायची. “हा सेनापती. याचा उजवा खांदा बोटभर उतरता आहे... ही राणी, हिला दंडावर घट्ट चालत नाही... हा थोरला चोर, डावखुरा, म्हणून डावा कफ रुंद.”

“आणि ही हिरवी?”

“झाडाची.”

“झाडाला बाह्या?”

“फांद्यांना थंडी वाजते त्याच्या. गप्प बसा.”

कॉलरी झाल्या, खिसे झाले. राजा मापाला भरपेट जेवून आला होता, म्हणून त्याला अर्धा इंच कमी धरायचा, हेसुद्धा तिला पाठ होतं! चाळीस हजार पुस्तकांचा हा धनी एका पुस्तकाची जागा सांगायला तीन कार्डं उलटत असे. इथे ना कार्ड, ना वही. सात माणसं तिच्या बोटांवर उभी होती, अगदी पोक काढून, पोट सुटून. ग्रंथपाल बघतच राहिला. मनातल्या मनात त्याने आपली खुर्ची तिला देऊन टाकली.

“काय बघताय? दोरा ओवा,” ती म्हणाली.

त्याने ओवला. आयुष्यात इतक्या अभिमानाने त्याने काहीच ओवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सातही पोशाख तयार झाले. बायको तयारी करून मागून येणार होती. ग्रंथपाल पोशाखांची पेटी घेऊन थिएटरवर पुढे गेला. नटांनी कपडे चढवले आणि पेटीच्या तळाशी त्याला दिसली एक बाही. निळी. पट्ट्यापट्ट्यांची. एकटीच!

त्याने घड्याळ पाहिलं. पडदा उघडायला वीस मिनिटं, पत्रकावर बायकोचं नाव आणि रंगमंचावर एकहाती राजा!

“हात वर करा सगळ्यांनी!” तो ओरडला.

दोन्ही चोरांनी सवयीने ताबडतोब केले. राणी दचकली. झाडाने फांद्या उचलल्या. दिग्दर्शक धावत आला. “अहो ग्रंथपाल, दरोडा घालताय का?”

“मोजतोय!” त्याने दोनदा मोजल्या. चौदा. सगळ्या जागच्या जागी, सगळ्या बेतशीर. मग ही कोणाची? त्याने ती राजाच्या हाताला लावून पाहिली, सेनापतीच्या लावून पाहिली, शेवटी झाडालाही लावून पाहिली.

तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घातलेली बायको आत आली. दिग्दर्शकाने तिला वाकून नमस्कार केला. “ताई, राजा पहिल्यांदाच राजासारखा दिसतोय!”

ग्रंथपालाने बाही पुढे केली. “ही एक उरलीय. कोणाची गं?”

तिने हातसुद्धा लावला नाही. “तुमची. मार्चमध्ये काखेत उसवलेला शर्ट दिला होतात ना, त्याची.”

“आणि शर्ट?”

शर्टाने त्याने गुरुवारी खोलीची फरशी पुसली होती.