बोगद्याच्या पूर्व तोंडाचा पत्ता

सोनवडीत शाल्मली नावाच्या तान्ह्या मुलीला आणि गावाखालून जाणाऱ्या साठवण-बोगद्याच्या पूर्व तोंडाला एकच आयपी पत्ता मिळाला, आणि बोगद्यातला निम्मा माल शाल्मलीकडे येऊ लागला.

माल म्हणजे माहिती. घाटापलीकडच्या खडकपेठेत जे जे साठवतात, दवाखान्याचे एक्सरे, सातबारे, लग्नांचे अल्बम, त्याची एक प्रत बोगद्यातून सोनवडीच्या भांडारात येते. एकीकडे आग लागली तर दुसरीकडे शिल्लक असावं, एवढाच हेतू. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना आपापला पत्ता असतो आणि प्रत्येक तोंडाला समोरच्याचा पत्ता पाठ असतो. माल पोचला की घेणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. 'हूं' आलं नाही, तर तोच माल पुन्हा येतो.

शाल्मली 'हूं' म्हणायची. दूध पिताना, तेल लावून घेताना, आणि मुख्य म्हणजे झोपेत. जरा डोळा लागला की खडकपेठेहून कुणाचा तरी गुडघ्याचा एक्सरे यायचा. ती दचकून जागी व्हायची, 'हूं' म्हणायची आणि पुढच्याची वाट बघत छताकडे टक लावायची.

तिची आई ऋजुता शिकलेली होती. बाळं का झोपत नाहीत यावर तिने बरंच वाचलं होतं, आणि जे वाचावं त्यात चूक शेवटी आईचीच निघत होती. त्यात एक गोष्ट तिला फार लागली होती. आपण हाक मारली तर शाल्मली क्वचितच ओ देते. खडकपेठेला मात्र दर वेळी देते.

भांडारात निम्मा माल कमी भरू लागला, तेव्हा पत्ता-वाटप कक्षाचे हुपरीकर साहेब घरी आले. शाल्मलीची आत्या, विशाखाताई, तिथेच बसली होती. सोनवडीत बारशाला आत्या बाळाच्या एका कानात नाव सांगते आणि दुसऱ्या कानात पत्ता. त्यामुळे जाब तिलाच विचारणं भाग होतं.

"पत्ता रिकामा आहे का, बघितलं होतंत?" हुपरीकरांनी विचारलं.

"बघितलं म्हणजे? त्या पत्त्याला चांगली तीनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. म्हटलं, रिकामा आहे."

"त्या दुपारी पूर्वेचं तोंड सफाईसाठी बंद होतं, ताई."

"मग पाटी लावायची!"

"पाटी होती. हाक मारणाऱ्याला पाटी दिसत नाही."

"आणि हिच्या बहिणी माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या, ते नाही सांगितलं तुम्हाला कुणी," आत्या ऋजुताकडे बोट दाखवत म्हणाली. "त्यात माणूस किती चौकशी करणार?"

ऋजुताने विचारलं, "बोगद्याचाच पत्ता बदलता नाही येणार?"

"येईल की. पण मग खडकपेठेच्या तोंडाला नवा पाठ करावा लागेल. जुनं तोंड आहे ते. मागच्या खेपेला अख्खा पावसाळा घेतला त्याने. तोवर माल इकडेच येत राहणार." त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. "तुमच्याही निम्म्या हाका बोगद्याकडे जात होत्या, मॅडम."

अधूनमधून मोरीच्या जाळीतून येणारा तो जाड आवाज ऋजुताला आठवला. तिला तो पंप वाटला होता.

"आणि उरलेल्या निम्म्या?" तिने आशेने विचारलं.

"त्यांना तिने ओ का दिली नाही, हे आमच्या कक्षेत येत नाही."

शाल्मली म्हणाली, "हूं." ते हुपरीकरांना नव्हतं.

मुलीचा पत्ता बदलणं सोपं होतं, पण त्यात एक मेख होती. बाकीच्यांच्या हाका लगेच नव्या पत्त्यावर जातात. ज्याने सगळ्यात जास्त हाका मारल्या, त्याच्या जिभेवर मात्र जुना पत्ता बरेच दिवस चिकटून राहतो.

"सगळ्यात जास्त कोणी मारल्यात?" हुपरीकरांनी विचारलं.

"काय विचारता!" आत्या म्हणाली. "पोर जरा गप्प पडली की 'शालू, आहेस ना गं?' घड्याळसुद्धा इतक्या वेळा टोल देत नाही."

"म्हणजे मी हाक मारली तर तिला ऐकूच जाणार नाही?"

"हाक जाईल. जुन्या पत्त्यावर जाईल."

ऋजुताने शाल्मलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. आपल्याला तिची झोप हवी आहे की तिचं 'हूं', असं तिने स्वतःला विचारलं. आलेलं उत्तर काही चांगल्या आईचं नव्हतं. ते बाजूला ठेवून ती म्हणाली, "बदला. आणि आलाय त्या मालाचं काय?"

"राहू द्या तिच्याकडे. मूळ खडकपेठेत आहे."

या वेळी हुपरीकरांनी स्वतः पाहून रिकामा पत्ता दिला. धपाटा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. धपाट्याशिवाय पत्ता लागत नाही, असं आत्याचं. शेवटी त्यांनीच तिच्या पाठीत एक कार्यालयीन धपाटा घातला. जुना पत्ता काढल्यावर नवा लागेपर्यंत शाल्मली कुणाचीच नसल्यासारखी पडून होती. ऋजुताने तेवढा वेळ ओठ दाताखाली धरले. मग आत्या कानाशी वाकली, 'कुर्र' म्हणाली आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. हुपरीकरांनी दारातून हाक मारली. शाल्मली म्हणाली, "हूं." आत्याने मारली. "हूं." ऋजुताने मारलीच नाही.

आणि शाल्मली झोपली. जेवणं झाली, भांडी झाली, चहाची वेळ झाली, तरी झोपलेलीच. ऋजुताने बराच धीर धरला, पण शेवटी पाळण्याशी जाऊन ती हळूच म्हणाली, "शालू, आहेस ना गं?"

पाळण्यात काही हललं नाही. मोरीच्या जाळीतून, जाड पण आदबशीर आवाजात उत्तर आलं, "हूं."

शाल्मलीची छाती संथ वरखाली होत होती.

पुढच्या आठवड्यात हुपरीकर पुन्हा आले. "तुमच्या हाका पूर्वेच्या तोंडाकडे येतायत. त्याची तक्रार नाही, माल उतरवता उतरवता ओ देतं ते. पण म्हणत असाल तर तुमच्या जिभेवरचा जुना पत्ता आत्ता पुसून देतो. चुटकीचं काम आहे."

ऋजुताने पाळण्याकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांखालचं काळं जवळपास गेलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "दात येईपर्यंत तरी."

हुपरीकरांनी मान डोलावली आणि चपला घातल्या. ते फाटकापर्यंत पोचले असतील, तोच तिने विचारलं, "शालू?"

"हूं," बोगदा म्हणाला, आणि ऋजुता चहा टाकायला आत गेली.