गाडीची पेशी

आमच्या शेजारच्या पेशकारकाकांनी स्वतःच्याच मोटारीवर खटला भरला होता. थट्टा नाही, लाल फडक्यात बांधलेली मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, मी डोळ्यांनी पाहिली आहे.

बालाघाटच्या कचेरीत काकांनी तीस वर्षं पेशकारी केली. साहेबापुढे कागद ठेवायचे आणि पक्षकारांना पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा द्यायच्या. निवृत्त झाले तसे कागदही गेले आणि पक्षकारही. मग भरवेलीच्या खाणीतला एक साहेब गाव सोडून निघाला, त्याची जुनी काळी मोटार काकांनी घेतली. म्हातारपणी हे कसलं खूळ, असं लोक तोंडावर म्हणाले. मी शेजारी, म्हणून मनात म्हणालो.

गाडीचा रोग विचित्र होता. सोमवारी शहाण्यासारखी पहिल्या चावीला सुरू व्हायची. रविवारी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. मिस्त्री तीनदा आला आणि तिन्ही वेळा ती त्याच्यासमोर झटक्यात सुरू झाली. "काकाजी, गाडी तो एकदम फिट है," म्हणून तो चहा पिऊन गेला.

"करंट बिघडला नाई, फरार हाये," काकांनी निकाल दिला. मग चौकशी लागली. हवा कशी होती, मांजर आडवं गेलं काय, आदल्या दिवशी गाडीत कोण बसलं होतं, सगळं मिसलीत. माझं बयान दोनदा झालं. "मास्तर, तुमी दार जोरानं काहून लावलं?" मी म्हटलं, बॅटरी गेली असेल. "पुरावा हाये काय?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. इंजिन हाताने फिरवून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडलसुद्धा त्यांनी पुरावा म्हणून पेटीत कुलूपबंद केलं होतं. उरला एकच उपाय, धक्का.

रविवारी सकाळी "मास्तर, पेशी हाये!" अशी आरोळी आली की सगळी आळी बाह्या सरसावून हजर. गाडी खोकत सुरू व्हायची, आणि मग काकांच्या ओसरीवर चहा, मुरमुरे आणि दुपारपर्यंत वाद. मी वैतागायचो. माझी बायको कुसुम त्याहून जास्त.

त्याच कुसुमला लालबर्र्‍याच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन वर्षं ती नोकरीसाठी झुरत होती. शनिवारी साडेदहाची वेळ, आणि मी शहाण्याने बसची वेळ चुकीची सांगितली. बस गेली. कुसुम सर्टिफिकिटं मांडीवर घेऊन पायरीवर बसली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी काकांकडे धावलो.

काकांनी चावी फिरवली. टक्. आळी कामावर गेलेली, ढकलायला मी एकटा. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुंपणापलीकडे कुसुमकडे. मग खाली उतरले, सदर्‍याच्या खिशातून पाना काढला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची जाड तार गाडीच्या अंगाला जोडलेली असते तिथला नट दोन फेरे आवळला. चावी फिरवली. गाडी सुरू.

"चाल पोरी, बस," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी आपणहून मागे बसलो.

कुसुम वेळेवर आत गेली. शाळेबाहेर आम्ही दोघेच उरलो.

"काका, तुम्हाला कारण ठाऊक होतं?"

"पुरावा हाये काय?" ते म्हणाले. खिशातला पाना त्यांनी पुन्हा हातात घेतला. त्याच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "उद्याच्या पेशीची तयारी करून ठेवली होती."

"पण काहून?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

"कचेरीत होतो तं सकाळपासून लोकं पायरीवर बसून राहत. आता कोणाले तारीख देऊ? तुमची काकू गेली तवापासून एकट्यासाठी चहा मांडवत नाई मले. गाडी अडली का दहा कप लागतात."

मला फार लाज वाटली. तीन वर्षं शेजारी राहून मी त्यांच्याकडे सहज म्हणून एकदाही गेलो नव्हतो. गेलो तो ढकलायला.

नोकरी कुसुमला तिथल्या तिथे मिळाली. रात्री मी तिला काकांचं सगळं सांगितलं. दुसर्‍या दिवशी रविवार. उन्हं वर आली तरी आरोळी नाही. काका ओसरीवर एकटेच बसले होते, गाडीकडे पाठ करून. कुसुमने मला कोपराने ढोसलं. मी आमच्या घरातला पाना घेतला, कुंपण ओलांडलं, बॉनेट उघडून तो नट दोन फेरे सैल केला आणि आळीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "काका, पेशी हाये!"