लेलेकाकूंचं पापलेट

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या लेलेकाकूंचं एक ठरलेलं वाक्य आहे, "आमच्यात चालत नाही." चहात आलं चालत नाही, गॅलरीत पायपुसणं वाळत घातलेलं चालत नाही. खाली कोणी मासे तळले, तर काकू लिफ्टमध्ये उदबत्ती फिरवून मगच पाय ठेवतात.

अशा बाईंनी कोळ्यांच्या बेटावरच्या सहलीला स्वतःहून नाव दिलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सहल मी काढली होती. देवा, पुन्हा नाही काढणार!

दिवसभर काकू वाळूत छत्रीखाली बसल्या. संध्याकाळी ओहोटी लागली आणि होडीवाला ओरडायला लागला, "चला लवकर! पाणी उतरलं की होडी गाळात रुतेल, मग रात्र इथंच!"

सगळे चढले. काकूंची छत्री होती, काकू नव्हत्या. फोन उचलत नव्हत्या. त्यांच्या मुलाला, प्रसादला, काय तोंड दाखवू? मी कोळीवाड्यात धावत सुटलो.

काकू एका कोळणीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. नाकाला पदर, आणि भेंडीचं टोक मोडून बघतात तसं पापलेटचं शेपूट वाकवून बघणं चाललं होतं!

"अगो बाय, शेपूट काय मोडतेस? कल्ले बघ, कल्ले!" कोळीण कपाळाला हात लावून म्हणाली.

"अहो काकू, होडी चाललीय! आणि हे काय?"

"ओरडू नका. सुनेला सातवा महिना आहे. परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, पापलेट खावंसं वाटतंय म्हणून. रडत होती हो. पुण्यात घेतलं तर कोणीतरी बघेल."

कोळणीनं पापलेट बर्फात घालून दिलेला डबा छातीशी धरून मी काकूंना जवळजवळ ओढतच आणलं. होडीचा तळ गाळाला घासला, सगळ्यांनी जीव मुठीत धरला, आणि सुटलो एकदाचे.

"हे करतात कसं हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"सूनबाईंनाच विचारा की."

"लग्न झाल्यापासून आम्ही बोलत नाही. निरोप प्रसाद पोचवतो."

काकूंनी डब्याचं झाकण उघडून पापलेट पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "माझे हात माशांचे झालेत. तुमच्या फोनवरून लावा."

त्यांनी नंबर सांगितला. मी फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडून "हॅलो?" आलं. काकूंनी माशांच्या हातांनीच डोक्यावरचा पदर सावरला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"सायली," काकू म्हणाल्या, "अगं, आई बोलतेय."