शटरवरचे गुडघे

आमच्या शेजारच्या जनार्दनशेठनी बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन राहनाळ गावातल्या आपल्या गोदामाच्या शटरवर मांडलं होतं. खडूने! तळाशी वर्षं, बाजूला खर्च, आणि मधून एक रेघ अशी उसळलेली की पाचेक वर्षांत ती शटर सोडून वरच्या पत्र्यावर जाणार.

मी शाळेत गणित शिकवतो. राहवेना, म्हणून म्हटलं, "शेठ, याला घातांकी वाढ म्हणतात."

"म्हणत असतील. आमी वाढीवर वाढ म्हणतो. गोदामाचं भाडं दरसाल वाढतं, ते बी वाढलेल्या भाड्यावर. हॉस्पिटलवाला काय वेगळं करतो?"

झालं! माझा आठवड्याचा धडा यांनी दोन वाक्यांत उरकला.

कुणी नुसतं शिंकलं तरी शेठ ओरडायचे, "आजच दाखव! उद्या वाढीवर वाढ!" लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी किडका दात काढायला पिटाळलं. गावात सगळे म्हणायचे, शेठ पैशाला चिकट.

मग एकदा कहरच केला. मला सोबत घेऊन ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि टेबलावर स्टॅम्पपेपर पसरला. "आजच्या रेटनं दोन गुडघे बुक करा. डिपॉझिट घ्या. मंडळी तयार झाली की ताबा घेऊ." डॉक्टर हसून हसून लाल झाले.

मंडळी म्हणजे यमुनावहिनी. ऑपरेशन म्हटलं की त्यांना कापरं भरायचं. दरसाल एकच उत्तर, "एवढी लगीनसराई जाऊ द्या."

एके दिवशी बघतो तर शटरवर आणखी एक रेघ, खाली खाली उतरणारी. मी थट्टा केली, "ही कसली, डिस्काउंटची?"

शेठ हसले नाहीत.

"हिच्या नाचाची. हळदीला हिच्यासारखी नाचणारी आख्ख्या गावात न्हाय, मास्तर. आधी सराईतल्या सगळ्या हळदी नाचायची. मग निम्म्या. मग त्याच्या निम्म्या. अवंदा नुसती खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. खर्च वाढू दे, एक गोदाम विकीन. पण ही रेघ खाली टेकली तर मी काय करू?"

मागे वहिनी चहा घेऊन कधी आल्या, कळलंच नाही.

"एवढं होतं तर शटरवर कशाला लिवलं? मला सांगता येत न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू रडली असती."

"मग आता कोण रडतंय?" शेठच्या ओल्या डोळ्यांकडे बघत वहिनींनी कप त्यांच्या हातात दिला. "घ्या बघू तारीख."

मीच फोन काढून ठाण्याच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

पुढच्या सराईत माझ्या लेकीची हळद होती. बेंजो वाजायला लागला तशा वहिनी पदर खोचून मांडवात उतरल्या आणि पोरींना मागे सारून नाचल्या. शेठच्या खिशात खडू होता, पण ते मोजायचंच विसरले. वहिनींसाठी मांडलेल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते, आणि त्यातली एकही तालात नव्हती.